सातवीचं मंत्रिमंडळ

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या आयुष्यात एकदा तरी मंत्रिमंडळ येऊन गेलेलं असतं. जून-जुलैत कधीतरी एक बाई वर्गात येऊन सांगतात, "यंदाचं शालेय मंत्रिमंडळ निवडायचंय, नावं द्या." मग दोन दिवस प्रचार, बुटाच्या खोक्याला फट पाडून केलेली मतपेटी, बोटाला स्केचपेनची शाई आणि तिसऱ्या दिवशी परिपाठात शपथविधी. मुख्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री, पर्यावरणमंत्री. मी सांस्कृतिक मंत्री होते. काम एकच, रोज फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सुविचार लिहायचा. माझ्याकडे सुविचारांची एक छोटी पुस्तिका होती, ती महिन्याभरात संपायची, मग पुन्हा पहिल्या पानापासून. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

आमच्या या लोकशाहीत विरोधी पक्ष नव्हता. खातं काढून घेण्याची तरतूदही नव्हती, कारण खात्यांमध्ये काढून घेण्यासारखं काही नसायचंच. बिल्ला मात्र खरा होता, पिनेचा, आणि तो गणवेशावर लावून मधल्या सुट्टीत फिरताना छाती आपोआप पुढे यायची.

हे २०१६ सालचं. शाळा पंचवटीतली, दोन सत्रांत भरणारी. सकाळी प्राथमिक, दुपारी आम्ही. वर्गात बावन्न मुलं. काळाराम मंदिराच्या आसपासच्या जुन्या वाड्यांतली, गणेशवाडीतली, पेठरोडवरच्या फुलेनगरातली, हिरावाडीतल्या नव्या बिल्डिंगांमधली. रामकुंडावर विधी करणाऱ्या गुरुजींची मुलं, भाजीवाल्यांची, रिक्षावाल्यांची, महापालिकेच्या सफाई कामगारांची, एलआयसी एजंटांची. ही सगळी एका बाकावर बसायची. या बाकावरच्या समतेबद्दल खूप लिहिलं जातं, म्हणून मी ती तिथेच सोडते.

त्या मंत्रिमंडळात एक खातं असं होतं की ते कुणालाच नको होतं. आरोग्यमंत्री. नाव भारदस्त, पण शाळेतल्या प्रत्येकाला अर्थ माहीत होता: झाडू, कचरापेटी आणि संडास. त्या खात्यासाठी एकच नाव आलं, आणि तेही तिने स्वतः दिलं नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, वर्ग हसला, बाईंनी फळ्यावर लिहिलं. तिची आई महापालिकेत झाडूकामाला होती. आमच्याच रस्त्यावर सकाळी सहाला यायची. हसण्याचं कारण तेवढंच होतं.

ती बिनविरोध निवडून आली. मी इथे तिचं नाव लिहीत नाही. ती आता नाशिकमध्येच नोकरी करते आणि असल्या लेखात आपलं नाव आलेलं तिला मुळीच आवडणार नाही. आरोग्यमंत्री एवढं पुरे आहे.

आमच्या शाळेत शिपाईकाका एकच होते. घंटा, पाणी, ऑफिसचे कागद, बँक, सगळं तेच करायचे. त्यामुळे वर्ग झाडायचं काम मुलांकडे होतं. पाचवी-सहावीत बाई आत आल्या की म्हणायच्या, "अरे, वर्ग किती घाण आहे! तू, तू आणि तू, उठा बरं." वरवर पाहता हे कुणालाही लागू होणारं वाक्य. पण ते 'तू' बहुतेक वेळा ठरलेल्याच चार-पाच जणांवर जाऊन थांबायचं. संडासात पाणी टाकायचं असेल तर त्यातलेही दोघेच. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. बाई दुष्ट नव्हत्या, आमच्या पायाला लागलं तर पर्समधून हळद काढून लावणाऱ्या होत्या. त्यांचं बोट सवयीने तिकडे जायचं एवढंच. ज्यांच्याकडे जायचं ती मुलंही सवयीनेच उठायची. त्यांच्या मागच्या भिंतीवर मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं ऑइलपेंटने रंगवलेली होती, त्यात 'श्रमप्रतिष्ठा' होतीच.

आरोग्यमंत्र्यांनी पदभार स्वीकारल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे वर्गशिक्षिकांकडे हजेरीपट मागितला. बाईंना वाटलं, गैरहजर मुलांची नावं हवी असतील. तिने मधल्या सुट्टीत बसून एक ते बावन्न नावं उतरवून काढली. मग पट्टीने रेघा मारून तक्ता केला. दर आठवड्याला सहा जण. दोन वर्ग झाडणार, दोन व्हरांडा आणि कचरापेटी, एक पाण्याची टाकी, एक संडास. आठवड्याच्या आत हे सहा जण आपसांत कामं बदलू शकत होते, पण दुसऱ्या आठवड्यातल्या कुणाला आपल्या जागी पाठवता येणार नव्हतं. मुख्यमंत्र्यांचा नंबर होता चार, म्हणजे पहिल्याच आठवड्यात. तिचा स्वतःचा एकतीस.

या एकतीस नंबराबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. पुढे मी 'लीडरशिप' या विषयावर बरीच भाषणं ऐकली, कॉलेजात तर त्याचं दोन दिवसांचं शिबिरच होतं. तिथे सांगतात, नेत्याने स्वतःपासून सुरुवात करावी. ऐकायला चांगलं आहे. आपल्याकडे त्याची मोठी उदाहरणंही आहेत. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तिथल्या छात्रालयाची जबाबदारी घेतल्यावर ते मुलांच्या खोल्या झाडून ठेवायचे, त्यांची अंथरुणं आवरायचे, कपडे धुऊन टाकायचे. न ओरडता. मुलं लाजून स्वतःच करायला लागायची. याच गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत आमच्या नाशिकच्या तुरुंगात अवघ्या चार-पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं. नाशिककर म्हणून एवढी फुशारकी मारून घेते.

पण गुरुजींनी झाडू हातात घेतला तेव्हा मुलं लाजली, कारण ते शिक्षक होते आणि अशा घरातून आलेले होते जिथे झाडू दुसऱ्याच्या हातात असतो. सफाई कामगाराच्या मुलीने स्वतःपासून सुरुवात केली असती तर कोण लाजलं असतं? सगळे म्हणाले असते, किती गुणी मुलगी. परिपाठात टाळ्या वाजल्या असत्या. आणि झाडू वर्षभर तिच्याच हातात राहिला असता. बारा वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं होतं का, मी तिला एकदा विचारलं. म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? आईला दहा वर्षं 'ताई, तुमचं काम फार छान' असं म्हणतात. उचलू कुणी लागत नाही."

तक्ता लागला आणि पहिला आठवडा बरा गेला. नव्याची नवलाई. मुख्यमंत्र्यांनी खराटा धरून फोटोसुद्धा काढून घेतला. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी एक पालक आले. स्कूटर फाटकातच लावली, हेल्मेट हातात, थेट ऑफिसात. आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता. "आम्ही पोरगा शिकायला पाठवतो का संडास धुवायला?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हे आज मी निःसंकोच म्हणेन. मुलांकडून संडास धुऊन घेणं चूकच आहे. शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असली पाहिजेत असं लिहिलंय, ती मुलांनी धुवावीत असं नाही. आपला वर्ग झाडणं आणि अ‍ॅसिडची बाटली हातात घेणं यात फरक आहे. मुख्याध्यापिका बाईंनी आरोग्यमंत्र्यांना बोलावलं. ती बिल्ल्यासकट उभी राहिली. बाई म्हणाल्या, "हे असं कुणी करायला सांगितलं होतं तुला?" ती म्हणाली, "बाई, मागच्या वर्षीपण कुणीतरी धूतच होतं ना."

ऑफिसात काही वेळ कुणी बोललं नाही, असं शिपाईकाकांनी नंतर सांगितलं. मागच्या वर्षी जे दोघे धूत होते त्यांचे पालक कधी स्कूटरवरून आले नव्हते. त्यांना ते कळलंही असेल, पण शाळेत जाऊन विचारायचं असतं हे माहीत नसेल, किंवा माहीत असून आपलं कोण ऐकेल असं वाटलं असेल.

पुढच्या पालकसभेत वर्गणी निघाली आणि संडासासाठी रोज दोन तास एक मावशी यायला लागल्या. पैसे घेऊन, हातमोजे घालून. तक्त्यातला तो रकाना खोडला गेला. बाकीचा तक्ता तसाच राहिला. माझं मत विचाराल तर त्या वर्षी आमच्या शाळेत झालेली सर्वांत मोठी सुधारणा हीच होती. ती एका रागावलेल्या बापामुळे झाली, पण त्या बापाचा राग ज्या नंबरापर्यंत पोचला तो नंबर तिने लावला होता.

आमच्या भागात हा प्रश्न काही नवा नाही. कुणी कुठवर यायचं आणि कुणी कुणाची घाण काढायची, यावर पंचवटीत फार मोठं भांडण होऊन गेलंय. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद करून घेतले गेले होते आणि सत्याग्रही बाहेर बसले होते, पुरुष आणि स्त्रियाही. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं नेटाने चालवला. शेवटी १९३५ साली इथून जवळच येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आम्ही रोज त्या मंदिरावरून शाळेत जायचो. इतिहासाच्या तासाला हे दोन ओळींत उरकलं होतं. आणि आमच्या रस्त्यावरून रामकुंडाच्या पलीकडे जायचं तर जो पूल लागतो त्याचं नाव गाडगे महाराज पूल. गाडगेबाबा गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायचे. लोकांनी त्यातला खराटा लक्षात ठेवला. प्रश्न विसरले.

मग पूर आला. मंगळवार, २ ऑगस्ट. महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला तोही त्याच रात्री, त्यामुळे बाहेरच्या लोकांना तो दिवस त्यासाठी आठवतो. आम्हाला गोदावरीसाठी. नाशिकला पूर मोजायचं माप म्हणजे दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं, अशी भाषा. माझी आजी सिन्नरहून दर तासाला फोन करून एकच विचारत होती, "मारुतीच्या कुठवर आलंय?" दुपारी बाबांनी सांगितलं, "आई, मारुती दिसतच नाहीये."

शाळेला सुट्टी. पाणी उतरल्यावर जे उरतं ते टीव्हीवर फारसं दाखवत नाहीत. गाळ. पिवळट काळा, चिकट, घोट्याएवढा, आणि त्याचा वास. नदीकाठच्या खालच्या घरांतून लोक घमेल्यांनी गाळ काढत होते. गाद्या, धान्याच्या कोठ्या, फ्रीज, सगळं रस्त्यावर. भाजीबाजाराच्या पटांगणात प्लास्टिकच्या क्रेट्स झाडांना अडकल्या होत्या.

शाळा उघडली तेव्हा आमच्या वर्गातल्या अकरा जणांच्या वह्या-पुस्तकं गेली होती. पुस्तकांचं फार अडलं नाही, आठवीपर्यंत ती सरकारकडून मिळतात आणि मागच्या वर्षीच्या मुलांकडचीही होती. वह्यांचं काय? जून-जुलैचा सगळा अभ्यास वहीत असतो, आणि आमच्याकडे वही पूर्ण नसेल तर चाचणीचे गुण जातात. बाई म्हणाल्या, "हळूहळू पूर्ण करा." हळूहळू म्हणजे कुणाची वही मागून आणायची, आणि ज्याच्या घरात अजून भिंती ओल्या आहेत त्याने रात्री बसून लिहायचं.

आरोग्यमंत्री पुन्हा हजेरीपट घेऊन बसली. हे खरं तर तिच्या खात्यात येत नव्हतं, शिक्षणमंत्री म्हणून एक मुलगा होता, पण तो मामाकडे गेला होता. अकरा जण, सात विषय, सत्त्याहत्तर वह्या. लिहायला उरले एक्केचाळीस. छत्तीस जणांना दोन-दोन, पाच जणांना एक. ती एकेक वही कुणाला द्यायची याचं भांडण झालं, तेव्हा तिने चिठ्ठ्या टाकल्या. कोऱ्या वह्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्या काकांनी निम्म्या भावात दिल्या, पैसे आम्ही एकमेकांकडून गोळा केले. मुदत एक आठवडा.

तिने एकच नियम घातला होता. कुणी उतरवली ते वहीवर लिहायचं नाही. मुख्यमंत्र्यांना हे पटेना. म्हणाले, निदान आतल्या पानावर 'सप्रेम भेट' तरी लिहू. ती म्हणाली, "मग रोज वही उघडली की त्याला तुझं नाव दिसणार. त्याने काय करायचं मग, नमस्कार?"

अर्थात अक्षरावरून सगळ्यांना सगळं कळत होतं. सातवीत एकमेकांचं अक्षर न ओळखणारं कोण असतं? पण कुणी बोललं नाही. एका मुलाने विज्ञानाची वही इतक्या निष्ठेने उतरवली की बाईंचा लाल शेराही, 'अक्षर सुधारा', लाल पेनने जसाच्या तसा आणि सहीसकट उतरवला. ज्याला ती वही मिळाली त्याचं अक्षर वर्गात सर्वांत सुंदर होतं. तो बरेच दिवस त्या शेऱ्याकडे बघून हसायचा.

अकरापैकी दहा वह्यांचे गठ्ठे गेले. अकरावा तसाच कपाटात राहिला, कारण तो मुलगा शाळेत आलाच नाही. रामकुंडावर तुम्ही गेला असाल तर अशी मुलं पाहिली असतील. सुतळीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि लोकांनी टाकलेली नाणी वर ओढतात. तो त्यातला तरबेज होता. पूर ओसरल्यावर गाळातून खूप काही वर येतं, नाणी, भांडी, कधी चांदीसुद्धा, असं तो सांगायचा. घरातलं सगळं भिजलेलं, वडिलांची हातगाडी वाहून गेलेली. शाळेपेक्षा नदीत जास्त मिळत होतं.

शनिवारी शाळा सकाळची असायची. सुटल्यावर आरोग्यमंत्री, मी आणि आणखी एक मुलगी वह्या घेऊन गेलो. तो पायऱ्यांवर उकिडवा बसला होता, हातात दोरी. वह्या बघून म्हणाला, "ठेव तिथं. मी आठ-पंधरा दिवसांनी येतो, आत्ता सीझन आहे." मला वाटलं आता ती त्याला शिक्षणाचं महत्त्व सांगेल, तसे सुविचार माझ्याकडे तीन-चार होते. ती म्हणाली, "तुझा झाडायचा नंबर होता या आठवड्यात. गेला. आता पुढच्या सोमवारी धर." आणि आम्ही निघालो. तो मागून ओरडला, "ए, मी नाहीये तर माझा नंबर कशाला लावते?" ती वळली नाही. "पटावर आहेस ना," एवढंच म्हणाली.

तो बारा दिवसांनी आला. का आला ते त्याने कधी सांगितलं नाही. नाणी संपली असतील, घरून मार बसला असेल. आल्याबरोबर खराटा शोधत होता हे मात्र मी पाहिलं. तो आठवी झाला. नववीत काही महिने येऊन सोडली आणि गणेशवाडीत काकाच्या भाजीच्या गाळ्यावर बसायला लागला. वह्या उतरवून देऊन एखादा शाळेत टिकतो, असं मला तुम्हाला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे मी कॉलेजात एनएसएसला होते. वर्षाला १२० तास सेवा, मग प्रमाणपत्र. मला एनएसएसबद्दल तक्रार नाही, तिथे मी झाडं लावली, रक्तदान शिबिरात खुर्च्या मांडल्या, आणि चांगली माणसं भेटली. पण तास मोजायला लागलं की एक गंमत होते. खड्डे खणायचा दिवस असेल तर पंधरा जण येतात आणि फोटोचा दिवस असेल तर साठ. आता सिंहस्थ जवळ आलाय, पुन्हा हजारो स्वयंसेवक लागतील, टी-शर्ट छापले जातील. २०१५ च्या सिंहस्थात, पर्वणीच्या दिवशी, माझा चुलतभाऊ असाच टी-शर्ट घालून रस्त्यावर पाणी वाटत होता. संध्याकाळी त्याने आईला विचारलं, एवढे लाखो ग्लास उचलले कुणी? काकू म्हणाली, उद्या सकाळी सहाला उठ, दिसतील. तो उठला नाही, झोपाळू आहे. प्रश्न मात्र अजून काढतो.

शाळा संपली तसं मंत्रिमंडळही पांगलं. मुख्यमंत्री पुण्याला गेले, क्रीडामंत्री पोलीस भरतीची तयारी करतात. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र दहावीत असतानाच सुरू झाला होता आणि त्यावर वाढदिवसाच्या केकशिवाय फारसं काही नसायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ४ तारखेला रविवारी, गोदावरीला पुन्हा मोठा पूर आला. पुन्हा मारुती दिसेनासा झाला, आजीचे फोन सुरू झाले. पाणी उतरायला लागलं त्या रात्री सव्वादहाला ग्रुपवर तिचा मेसेज आला. ना नमस्कार, ना हात जोडलेले इमोजी.

"उद्या सकाळी ७. गणेशवाडी, भाजीबाजाराची बाजू. हजेरी क्र. १ ते २६. परवा २७ ते ५२. घमेलं, फावडं, खराटा ज्याचा त्याने आणायचा. बूट घाला, काचा आहेत."

खाली कुणीतरी विचारलं, अगं, पण आता आपला हजेरी क्रमांक आहेच कुठे. तिने उत्तर दिलं नाही. सातवीच्या हजेरीपटाच्या तिच्या जुन्या यादीचा फोटो टाकला, पट्टीने मारलेल्या रेघांसकट.

सकाळी सव्वीसपैकी अकरा जण आले. चार नंबरवाले मुख्यमंत्री तेव्हा नाशिकलाच होते, ते घमेलं विसरले आणि वडिलांची बादली घेऊन आले. एकवीस नंबर तिथेच राहायचा, गाळ न्यायला त्याने काकाची हातगाडी आणली होती. ती स्वतः त्या दिवशी आली नाही. तिचा नंबर दुसऱ्या दिवशी होता.